शेवटचं कडवं कापू नका

परवा बदनापूरकडच्या एका पोरानं स्वतः लिहिलेल्या, स्वतःच गायलेल्या गाण्यांचा पहिला अल्बम मोबाईलवर पाठवला. आपली बोली, सोबत ढोलकी अन् पेटी. ऐकताना वामनदादा कर्डक आठवले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठेपणी अक्षरं शिकला. पहिलं गाणं १९४३ चं, पहिला गीतसंग्रह 'वाटचाल' आला १९७३ ला. मधली तीस वर्षं गाणी बहुतेक तोंडोतोंडीच फिरली. ती कुणाची, हे सांगायला शेवटच्या कडव्यातला 'वामन' तेवढा असायचा. 'तुका म्हणे' असतं ना, तसंच.

आता १४ एप्रिलला आपल्या जालन्यात डीजेवर दादांची गाणी वाजतात. दोन कडवी, मग नुसता ठोका. शेवटचं कडवं उडालं की दादांची सहीच उडते. मंडळवाले म्हणतात, "भाऊ, पब्लिक नाचायला येते." मान्य. पण यूट्यूबवर टाकताना गायकाचं, डीजेचं, अध्यक्षाचं नाव बसतं. गीतकाराला एक ओळ जड होते का?

त्या पोराला फोन करून म्हणलं, बाबा, शेवटच्या कडव्यात तुझं नाव टाक. तो हसला, "दादा, पहिल्याच कडव्यात टाकलंय. शेवटचं कोण वाजवतं?"