वात मालवल्यावर

मालवलेल्या वातीचा वास फार वेळ टिकत नाही. फुंकर बसते, ज्योत एका अंगाला कलून दिसेनाशी होते, वातीच्या टोकाशी एक तांबूस ठिपका तेवढा धुगधुगत राहतो आणि त्यातून धुराची बारीक रेघ उठते. तेल, कापूस आणि काजळी यांचा तो एकवटलेला वास अंधारात नाकाशी येतो, जरा रेंगाळतो, विरतो. माझ्यासाठी त्याचा अर्थ लहानपणापासून एकच : आता गोष्ट सुरू होणार. आज्जी गोष्टीसाठी दिवा जाळू देत नसे. ऐकायला डोळे कशाला लागतात, म्हणायची, आणि फुंकर मारायची. मग आम्ही पोरं एकमेकांना चिकटून बसायचो. तिचा आवाज यायच्या आधीचा तो क्षण, ज्यात अजून काहीच घडलेलं नाही आणि म्हणून काहीही घडू शकतं, इतका भरलेला असायचा, की कधीकधी पुढची गोष्टच त्याच्यापुढे उणी पडायची.

परवा तो वास पुन्हा आला. बाहेर आपली नेहमीची धारवाडी भुरभुर होती, हमरस्त्यावरून चिगरी बस ओला आवाज करत जात होत्या, आणि माझी भाची माळ्यावरून काढलेली पितळी समई पेटवून, विझवून, पुन्हा पेटवून बघत होती. "आत्या, धूर किती वेळ राहतो गं?" येत्या रविवारी तिचे मित्रमैत्रिणी येणार आहेत, काही हुबळीहून, काही धारवाडहून, रायापूर दोन्हींच्या मधलं, म्हणून बैठक आमच्याकडे. आणि या वेळी खेळात मीही आहे.

खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा छापून काढला. पण त्याचं मूळ मला आमच्या ओसरीवरच दिसतं. एकानं गोष्ट सांगायची; बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं नाही, तर गोष्टीतला एकेक माणूस होऊन आपण काय करतो ते बोलायचं; आणि जिथे नशिबाचा प्रश्न येतो तिथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. सांगणाऱ्याला ही मुलं डीएम म्हणतात. आमची डीएम भाची. तिनं निवडलेलं साहस २०२१ सालच्या 'द वाइल्ड बियॉन्ड द विचलाइट' या पुस्तकातलं, परीलोकाचं. पुस्तक तिच्या कपाटात आहे, आणि मला त्याला हात लावायची बंदी.

तिनं सांगितलंय ते एवढंच. एक जत्रा आहे, दर आठ वर्षांनी येणारी. तिचे दोन मालक आहेत, मिस्टर विच आणि मिस्टर लाइट. जत्रेपलीकडे एक परीराज्य आहे, आणि तीन चेटकिणींनी ते आपसांत वाटून घेतलंय. आणि हे सगळं साहस, मनात आणलं तर, एकदाही तलवार न उपसता पार पाडता येतं. बस्स. बाकीचं रविवारी.

पण रविवारपर्यंत मन कुठे थांबतं? रात्री पडल्या पडल्या मी तर्क करते, आणि गंमत अशी की त्या परक्या पुस्तकातल्या ओसाड राज्यात मी माझीच माणसं नेऊन बसवते. तिथल्या पाण्याकाठी मला पंखवाल्या पऱ्या दिसतच नाहीत. दिसतात त्या साती आसरा, विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेल्या सात दगडांतून उठून केस वाळवत बसलेल्या, पोरीबाळींनी तिन्हीसांजेला ज्यांच्या वाटेला जायचं नाही अशा. तिथल्या रानात वाट चुकायची ती चकव्यामुळेच, रात्रभर चालून माणूस पुन्हा त्याच झाडाखाली येतो तो. आणि त्यावर आज्जीचा उतारा एकच, जागच्या जागी बसायचं आणि उजाडायची वाट पाहायची. त्या तिघी चेटकिणी तर मी केव्हाच ओळखल्यात. एक हडळ, एक जखीण, आणि तिसरी ती, जी रात्री दार वाजवून घरातल्याच कुणाच्या तरी आवाजात हाक मारते. तिच्यासाठी कर्नाटकात लोकांनी दारावर 'नाळे बा' लिहून ठेवलं, उद्या ये. ती यायची, वाचायची, परत जायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. लहानपणी मला तिची भीती वाटे. आता तिच्या प्रामाणिकपणाचं नवल वाटतं. जिवावर उठलेली असूनही लिहिलेल्या शब्दाला बांधलेली! परीलोकात म्हणे असंच असतं, तिथे बळ चालत नाही, दिलेला शब्द चालतो. मग तलवार लागेलच कशाला?

आणि फासा? फाशावर माणसाचं पाऊल कुठे पडेल हे ठरावं, याचं या मातीला नवल नाही. इथेच, धारवाडात, कॉलेजात इंग्रजी शिकवता शिकवता जी. ए. कुलकर्णी आपले निनावी प्रवासी अनोळखी नगरांकडे पाठवत होते. १९७५ साली त्यांचं 'रमलखुणा' आलं, 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दोन दीर्घ कथांचं. त्या कथा वाचून उठल्यावर धारवाडच्या चढउतारांचे रस्ते काही दिवस मला निराळेच वाटत राहिले, जणू कुठल्याही वळणावर कुणी तरी उभं असेल आणि एक कोडं घालेल. रविवारी तो वीस पैलूंचा फासा माझ्या तळहातावर येईल तेव्हा मला त्याच वाटेवर उभं असल्यासारखं वाटणार आहे.

भाचीनं प्रत्येकाला एक प्रश्न मात्र आधीच देऊन ठेवलाय. लहानपणी तुम्ही त्या जत्रेत तिकीट न काढता शिरला होतात, आणि तिथे तुमचं काहीतरी हरवलं. काय हरवलं? वस्तू चालणार नाही, म्हणाली. कुणाचं हसू हरवतं, कुणाचं दिशांचं भान. हरवलेलं शोधायलाच पुन्हा जायचं आहे. मुलांनी उत्तरं पटापट देऊन टाकली. मी मात्र अडकले आहे. या वयात काय हरवलं नाही ते विचारणं सोपं! पण रात्री त्या विझल्या समईशी बसले आणि वाटलं, माझी हरवलेली गोष्ट म्हणजे 'पुढे काय?' असं विचारून गप्प राहण्याची ताकद. उत्तर हाताशी असताना ते न उघडता, अंधारात, दुसऱ्याच्या आवाजाची वाट पाहत बसण्याची. हाय, किती सहज जमायचं ते!

बेळगावात इंग्रजी शिकवत असताना ए. के. रामानुजन या भागातल्या कानडी लोककथा गोळा करत. त्यांनी जगापुढे ठेवलेली एक कानडी गोष्ट मला या दिवसांत सारखी आठवते. एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणं येत असतं, पण ती कुणाला सांगत नाही, म्हणत नाही. कोंडून घुसमटलेली ती दोघं एके दिवशी ती झोपलेली असताना तिच्या तोंडातून निसटतात. गोष्टीचे जोडे होतात, गाण्याचा अंगरखा, आणि ते दारात पाहून नवरा विचारतो, कोण आलंय? भांडण होतं. तो रागावून मारुतीच्या देवळात झोपायला जातो. गावातले दिवे मालवले, की त्यांच्या ज्योती रोज रात्री त्याच देवळात जमून गप्पा मारत असतात. त्या रात्री एक ज्योत उशिरा येते आणि भांडणाची सगळी हकिकत सांगते. मालवलेली वात म्हणजे विझलेली वात नव्हे, हे आज्जीला ठाऊक असणार. आमच्या घरातली ज्योत तिकडे गप्पांना गेली, की इकडे तिची गोष्ट सुरू व्हायची.

म्हणून मी कपाट उघडलेलं नाही, उघडणार नाही. माझे तर्क बहुतेक सगळे चुकतील. पुस्तकातल्या चेटकिणींना आमच्या जखिणीची ओळखही नसेल. पण परीराज्य अर्धं सांगणाऱ्याचं असतं आणि अर्धं वाट पाहणाऱ्याचं, आणि माझं अर्धं तर आत्ताच वसून झालंय. तुमच्या घरीही एखादं पोर असेल, जे तुम्हाला एखाद्या खेळात ओढू पाहतंय. जा त्याच्याबरोबर, आणि शेवट आधी विचारू नका. आणि तुमच्याकडे कुणाची तरी ऐकलेली एखादी गोष्ट पडून असेल, तर ती या आठवड्यातच कुणाला तरी सांगून टाका.