तीन महिन्यांनी पुन्हा या

पाठीवरचा शंकास्पद तीळ दाखवायला गेलेल्या माणसाला सिडनीतले डॉक्टर कधीकधी सांगतात, "आज कापायला नको. फोटो काढून ठेवू. तीन महिन्यांनी पुन्हा या." कॅन्सरची धास्ती घेऊन आलेल्याला हे पटत नाही. शंका आहे, तर आजच काढून का टाकत नाहीत?

ऑस्ट्रेलियात ही धास्ती घरोघरची आहे. ऊन प्रखर आणि बहुसंख्य लोक गोऱ्या कातडीचे. सत्तरीपर्यंत दर तिघांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कॅन्सर होतो, असा तिथला अंदाज. त्यातले बहुतेक सौम्य असतात. मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, मात्र जीवघेणा. तो किती खोल गेला, यावर सारं अवलंबून. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी डॉक्टरांनी १९७० साली त्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची रीत घालून दिली. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी असतानाच काढला, तर बहुतेक रुग्ण वाचतात. ४ मिलिमीटरच्या पुढे ती खात्री उरत नाही.

अडचण अशी की कोवळा मेलॅनोमा हुबेहूब साध्या तिळासारखा दिसू शकतो. डर्मोस्कोप या त्वचा पाहायच्या भिंगातल्या दहापट मोठ्या प्रतिमेतही कधीकधी ओळखू येत नाही.

सिडनीच्या स्कॉट मेन्झीस आणि सहकाऱ्यांनी अशाच अवघड तिळांवर काम केलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३१८ तिळांचे डर्मोस्कोपमधून फोटो घेतले होते आणि साधारण तीन महिन्यांनी तेच तीळ पुन्हा टिपून दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवल्या होत्या. ६१ तीळ बदललेले दिसले. ते कापून तपासल्यावर ७ मेलॅनोमा निघाले, सगळे अगदी सुरुवातीचे. सर्वांत जाड होता तो ०.२८ मिलिमीटर. विशेष म्हणजे या सातांपैकी एकावरही मेलॅनोमाची ठरलेली लक्षणं तोवर उमटली नव्हती. पहिल्या भेटीत कितीही निरखून पाहिलं असतं, तरी ते हाती लागले नसते. फक्त बदलामुळे ते उघडे पडले. आणि जे बदलले नाहीत, ते अडीचशेहून अधिक तीळ उगाच कापावे लागले नाहीत. ते तीन महिने म्हणजे चालढकल नव्हे; ती तपासणीच असते.

बदल डोळ्यांना का कळत नाही? रोज पाहणाऱ्या आईला मुलाची उंची जाणवत नाही, वर्षाने आलेल्या मावशीला दारातच जाणवते. कॅमेरा मावशीचं काम करतो. ऑस्ट्रेलियातल्या काही केंद्रांत आता ९२ कॅमेऱ्यांचं 'व्हेक्ट्रा' यंत्र क्षणार्धात सगळ्या अंगाचा नकाशा टिपतं. त्याची गरजही आहे, कारण बहुतेक मेलॅनोमा जुन्या तिळातून नव्हे, तर कोऱ्या त्वचेवर उगवतात. यालाही दुसरी बाजू आहे. जितकं शोधावं तितकं सापडतं, आणि कधीच त्रास न देणारे डागही कॅन्सर म्हणून काढले जातात, ही तिथल्या तज्ज्ञांची चिंता रास्तच आहे.

भारतीय त्वचेत मेलॅनोमा विरळ. पण होतो तेव्हा तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. उन्हाशी त्याचं फारसं नातं नसतं. बॉब मार्ली या जमैकन गायकाच्या पायाच्या अंगठ्यावर १९७७ मध्ये तो सापडला. १९८१ मध्ये वयाच्या ३६व्या वर्षी मार्ली गेला. तळव्यावरच्या रेघा डर्मोस्कोपखाली पाहिल्या की साध्या तिळाचा रंग सहसा खाचांत दिसतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. जपानमधल्या तोशिआकी सायदा यांनी हा फरक जगापुढे ठेवला, आणि आपल्यासारख्यांना त्याचा मोठा उपयोग आहे.

आपल्याकडे तळपायावर तीळ दिसला की परदेशगमनाचा योग सांगतात. योग असो वा नसो, तो तीळ नवा आहे का, वाढतोय का, हे पाहायला हवं. शेजारी मोजपट्टी ठेवून मोबाइलवर फोटो घ्या, तारीख असू द्या आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळवेही पाहा. त्यांना वाकून ते दिसत नाहीत. मात्र डाग उंच झालेला, भराभर वाढणारा किंवा रक्त येणारा असेल, तर तिथे वाट पाहायची नसते. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.