बायकोचा खरा वाढदिवस



आज सोयाबीनचं थोडं आणि घरचं जास्त लिहितो. घटस्थापनेच्या दिवशी मी बायकोला काय दिलं हे चावडीवर, फोनवर, सोसायटीत पन्नास जणांनी विचारून झालंय. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी वाढदिवसाचा घोळ. तिच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून ही तारीख आहे. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जूनलाच असतो, तुम्हाला माहीतच आहे. पोरगं शाळेत आणलं की गुरुजी विचारणार, कधीचं? आई म्हणणार, पोळ्याच्या पुढं-मागं. गुरुजी सहा वर्षं भरतील अशी १ जून टाकून मोकळे. पुढं आधार, पॅन, बँक, सगळीकडं तेच. दर १ जूनला बँकेचा शुभेच्छांचा मेसेज येतो आणि ही म्हणते, "पेरणीच्या तोंडावर कुणी जन्माला येतं का?"

खरी तारीख अक्षय तृतीयेला कळली. सासूबाई आल्या होत्या. माहेर लोहारा तालुक्यातलं, भूकंपाच्या पट्ट्यातलं. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भूकंप झाला तवा ही आठ दिसांची व्हती. पदरात घेऊन भाईर पळाले, मग महिनाभर पत्र्याखालीच बाळंतपण." भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा, विसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांचा. त्यातून आठ दिवस वजा केले की २२ सप्टेंबर. ही स्वयंपाकघरात होती, तिनं ऐकलं नाही. मी कॅलेंडर काढून बघितलं, तर यंदा २२ सप्टेंबरला सोमवार आणि घटस्थापना. तेव्हाच ठरवलं की या बाईला बत्तीस वर्षांत पहिल्यांदा खऱ्या तारखेला काहीतरी द्यायचं.

साडी तिची ती घेते, आणि माझ्यापेक्षा चांगली घेते. मोबाईल आहे. मग काय द्यायचं हा प्रश्न पंधरा दिवस डोक्यात होता.

उत्तर सापडलं आमच्या चुलतीमुळं. चुलते वारले त्याला चार वर्षं झाली. मागं जमीन, देणं आणि दोन पोरी. वारसाची नोंद व्हायला घरातल्याच एका माणसानं हरकत घेतली आणि चुलतीचे दोन हंगाम तहसीलच्या पायऱ्यांवर गेले. पीककर्ज नाही, विमा नाही. पेरणी केली ती उसनवारीवर. एकदा आमच्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "बाईचं नाव सातबाऱ्यावर लागायला नवरा मरावा लागतो बघ." माझ्या आईचंही नाव तसंच लागलं, दादा गेल्यावर. गावचे उतारे काढून बघा, बायकांची नावं किती आहेत आणि त्यातली वारसाची किती.

आमच्या घरी शेती कोण करतं तेही सांगतो. मे महिन्यात बियाणं निवडते ती. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळते, पाच-सहा दिवसांनी उलगडते. सत्तरच्या वर कोंब आले तर ते बी, खाली आले तर बाजूला, किंवा त्या हिशोबानं एकरी बी वाढवायचं. तीन वर्षांत आमची दुबार पेरणी झालेली नाही. रुंद वरंबा-सरीचा हट्टही तिचाच. मी म्हणत होतो एकरी झाडं कमी बसतात, ती म्हणाली, "पाणी जायला वाट लागंल का नाही?" यंदाच्या पावसात वरचा अडीच एकराचा तुकडा उभा राहिला तो सरीनं पाणी काढून दिलं म्हणून. नाल्याकडचा दीड एकर सपाट पेरलेला होता, त्याचं पुढं सांगतो. एवढं असून शेतीशाळेच्या वहीत नाव माझं, आणि साहेब बांधावर आले की पहिला प्रश्न, "शेतकरी कुठंयत?"

तर मी अर्ज केला लक्ष्मीमुक्तीचा. जुन्या मंडळींना आठवत असेल. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून ही मोहीम काढली होती. ज्या गावात शंभर बायकांच्या नावावर जमीन होईल त्या गावात ते स्वतः यायचे. त्याच धर्तीवर १९९२ साली सरकारनं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं हयातीत, राजीखुशीनं अर्ज केला तर त्याच्या नावच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खरेदीखत नको, बक्षीसपत्र नको, मुद्रांक शुल्क नको. मी साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला, सोबत सातबारा, आठ-अ, दोघांचं आधार, लग्नाचा पुरावा आणि रेशनकार्ड जोडलं. जमीन वाटणीत माझ्या एकट्याच्या नावावर आलेली होती, त्यामुळं भावांचा प्रश्न नव्हता. सोसायटीचा बोजा इतर हक्कात होता तसाच राहिला.

अर्ज नागपंचमीच्या आठवड्यात दिला. अवघड होतं ते गुपित ठेवणं. आधार मागितलं तर म्हणाली, "कशाला?" पोराच्या शिष्यवृत्तीला म्हणालो. आदेश झाला, तलाठ्याकडं फेरफार धरला, आणि फेरफार म्हटला की पंधरा दिवसांची नोटीस आली. ती लागली चावडीच्या फळ्यावर! आता चावडीवर लागलेली गोष्ट गावात गुपित राहते का? दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ दारात. "जमीन इकायलास का रं?" त्याला गोठ्याकडं नेऊन सगळं सांगितलं. त्यानं पाच मिनिटं काहीच बोलणं केलं नाही, मग म्हणाला, "माझ्या अर्जाला काय काय लागंल?" पारावरचे काही जण हसले. एक जण म्हणाला, उद्या माहेरी निघून गेली तर? मी म्हणालो, बारा वर्षं तुरीला पाणी देते ती, गेली असती तर आधीच गेली असती. पण खरं सांगतो, गावानं साथ दिली. पंधरा दिवस एकाही बाईनं तिच्या कानावर घातलं नाही. फळ्यावरचं वाचतंय कोण, हेही एक कारण असेल.

मुक्तिसंग्राम दिनाच्या आदल्या दिवशी मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. नवा उतारा मी युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवला.

आणि मग पाऊस. त्या आठवड्यात मराठवाड्यात काय झालं ते लिहायला नको, तुम्ही सगळ्यांनी भोगलंय. केक सांगितला होता, पण ओढ्यावरून पाणी चाललं होतं, गाडी आली नाही. तसाही तिचा उपवास. पहाटे तिनं नेहमीप्रमाणं सांगितलं, "घटाला वावरातली माती आणा." गुडघ्याएवढ्या चिखलातून वरच्या तुकड्यातली माती आणली. तिनं पत्रावळीवर माती पसरली, धान्य पेरलं, घट ठेवला. हात जोडून उठली तेव्हा पोरीनं पुढं होऊन कागद दिला आणि म्हणाली, "आई, हॅपी बड्डे."

"आज कुठला? जूनमधी झाला की."

मग पोरीनं आजीला फोन लावून स्पीकरवर टाकला. भूकंपाची गोष्ट तिनं ऐकली, डोळे पुसले, आणि मग कागद उलगडला. भोगवटादाराच्या रकान्यात माझ्या नावाखाली तिचं नाव. क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, सामाईक. मला वाटलं रडेल. तिनं आधार मागवून घेतलं आणि नावाचं एकेक अक्षर जुळवून बघितलं. जुळलं. मग मला विचारलं, "तुमच्या तब्येतीला काय झालं नाही ना? डॉक्टरनं काय सांगितलं का?"

नाही म्हणेपर्यंत तिनं माझा दंड सोडला नाही. मग उतारा आईकडं घेऊन गेली. आईला वाचता येत नाही. आईनं विचारलं, "पोरगं धडधाकट असताना लावलं?" आणि कागद घटापुढं ठेवायला सांगितला. दुपारी भगरीच्या शिऱ्यावर वाढदिवस झाला.

नाल्याकडच्या दीड एकराचं राहिलं. ते गेलं, शेंगांना कोंब फुटले. पाऊस उघडल्यावर पंचनाम्याला पथक आलं तेव्हा मी मोटर बघायला विहिरीवर होतो. बांधावरून आवाज आला, खातेदार कोण? तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "मीच. चपला हातात घ्या, खाली अजून पाणी हाय. आणि क्षेत्र मी सांगते ते नका लिहू, मोजून लिहा."