शिक्क्याविषयी माझं बदललेलं मत

मार्केट रिसर्च कंपन्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र असावं का, या प्रश्नाला माझं उत्तर बरीच वर्षं ‘हवंय कशाला?’ हे होतं. आज ते ‘हवंच’ असं आहे. आधीच्या मतामागची बरीचशी कारणं मला अजूनही खरी वाटतात. तरीही मत बदललं. कसं, ते सांगते.

माझं माहेर नागपूर, सासर कुंभकोणम. भोसल्यांच्या राज्यात तंजावर मुलखात आलेली जी मराठी घरं इथेच राहिली, त्यांतलं आमचं एक. १८५५ साली राजाच्या मृत्यूनंतर राज्य गेलं. घरातली मराठी मात्र तमिळ हेल काढत टिकली. मी इथे सर्वेक्षणांचं फील्डचं काम बघते. मुंबईच्या एखाद्या कंपनीला साबण, दूध पावडर, मोबाइलचा प्लॅन यांविषयी लोकांना काही विचारायचं असलं, की ते काम आधी चेन्नईच्या एजन्सीकडे जातं, तिथून तिरुच्चीच्या कंत्राटदाराकडे आणि तिथून आमच्याकडे येतं. मुली नेमणं, त्यांना शिकवणं, त्यांच्यासोबत उन्हात फिरणं, आलेले फॉर्म तपासून वर पाठवणं हे आमचं काम. पूर्वी कागदाचे गठ्ठे असत, आता टॅब्लेट आहेत.

बाहेरून हे सोपं दिसतं. नेमून दिलेल्या जागेपासून निघायचं, उजव्या हाताची रांग धरायची, ठरावीक घरं सोडून पुढचं दार वाजवायचं. दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारायचे नाहीत. घरातल्या पात्र माणसांची यादी करायची आणि तक्त्यावरून त्यातल्या एकाची निवड करायची. लेस्ली किश या संख्याशास्त्रज्ञाने १९४९ साली ही पद्धत मांडली, म्हणून फील्डवर तिला किश ग्रिड म्हणतात. तक्त्याने निवडलेला मुलगा दुकान बंद करून रात्री नऊला घरी येत असेल, तर पुन्हा नऊला जायचं. सारंगपाणी सन्निधीसारख्या जुन्या गल्ल्यांत पोरं सिंगापूरला आणि म्हातारे घरात, असा प्रकार बराच. ‘मला काय विचारता, मुलाला फोन करा,’ असं आजी म्हणते आणि दार लागतं. पैसे मात्र मिळतात ते पूर्ण झालेल्या फॉर्मचे. दोन-तीन खेटे घालून रिकाम्या हाताने परतलेल्या मुलीला काहीच नाही. सावलीत बसून मनानेच रकाने भरणाऱ्याला पूर्ण मोबदला. या धंद्यातल्या खोटेपणाचं मूळ माणसाच्या स्वभावापेक्षा या हिशेबात जास्त आहे, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

त्यामुळे प्रमाणपत्राची भाषा ऐकली की मला राग यायचा. चेन्नईहून तिरुच्चीकडे येणाऱ्या हमरस्त्यावर जागोजागी ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’चे फलक दिसतात. लॅक्टोमीटरने तपासलेल्या निर्भेळ दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी, असं इथे सांगतात. फलकावर मात्र कुणाचाच ताबा नाही. ज्याने कुंभकोणम पाहिलंही नाही तोही लावतो. आयएसओची पाटी मला त्याच जातीची वाटे. आयएसओ ही संस्था फक्त मानकं लिहिते, स्वतः कुणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम वेगळ्या प्रमाणन संस्था करतात, आणि त्या संस्थांना आपल्याकडे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाच्या एनएबीसीबी या मंडळाची मान्यता घेता येते. पण अशी कुठलीच मान्यता नसलेलेही प्रमाणपत्रं विकतात. ज्याची तपासणी करायची तोच तपासणाऱ्याची फी भरतो, हे तर उघडच आहे. वर या सगळ्या कागदपत्रांचा भार मोठ्या एजन्सीला झेपतो, गावातल्या छोट्या माणसाला झेपत नाही. आणि शेवटचा आक्षेप: विणकराच्या घरातल्या बाईने महिन्याचा खर्च खरा सांगितला की नाही, हे कुठलं प्रमाणपत्र सांगणार?

मग एका एजन्सीने आमच्याकडे मुलींच्या प्रशिक्षणाच्या नोंदी मागितल्या. त्या का हव्यात, हे समजून घ्यायला म्हणून मी आयएसओ २०२५२ हे मानक काय म्हणतं ते पाहिलं. बाजार, जनमत आणि सामाजिक संशोधन करणाऱ्यांसाठीचं हे मानक पहिल्यांदा २००६ साली आलं, २०१२ आणि २०१९ साली सुधारलं. ऑनलाइन पॅनेलसाठी २००९ साली निघालेलं वेगळं मानकही २०१९च्या आवृत्तीत सामावलं गेलं. मला अपेक्षा होती मोठमोठ्या शब्दांची. ‘आमचे आकडे खरे आहेत’ असा दावा त्यात कुठेच नाही. त्यात मागणी आहे ती नोंदींची: प्रश्न विचारणाऱ्याला कुणी आणि काय शिकवलं, त्याच्या कामापैकी किती भाग पुन्हा तपासला आणि कसा, कामाचा कुठला भाग बाहेर दिला आणि ते ग्राहकाला सांगितलं का, नमुना कसा निवडला आणि त्याच्या मर्यादा अहवालात लिहिल्या का. बाहेर दिलेल्या कामाची जबाबदारीही मूळ कंपनीचीच राहते. म्हणजे चेन्नई ते कुंभकोणम ही साखळी कागदावर दिसायला हवी. आजवर ती कुणाच्याच कागदावर नव्हती. अहवालात फक्त ‘आमची फील्ड टीम’ असे.

तेव्हा मला २०१४ सालचा वाद नव्याने आठवला. त्या जानेवारीत इंडियन रीडरशिप सर्व्हे २०१३चे आकडे जाहीर झाले आणि देशातल्या मोठमोठ्या वृत्तपत्रसमूहांनी एकत्र येऊन ते नाकारले. त्यांच्या निवेदनात नागपूरच्या ‘हितवाद’चं उदाहरण होतं. गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीने १९११ साली सुरू केलेलं हे इंग्रजी दैनिक. त्याचा प्रमाणित खप साठ हजारांवर आणि सर्वेक्षणात वाचक शून्य. दुसरं उदाहरण ‘बिझनेसलाइन’चं होतं: सर्वेक्षणानुसार त्याचे वाचक चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट. आमच्या नागपूरच्या घरी रोज सकाळी ‘हितवाद’ येई, त्यामुळे ते वाचून आम्ही हसलो होतो. पुढे महिनाभरातच ते आकडे रोखून धरावे लागले.

मानक वाचल्यावर त्या वादातली एक गोष्ट मला वेगळी दिसली. सगळी भांडणं ‘पटतं’ आणि ‘पटत नाही’ या दोन शब्दांवर चालली होती. वर्तमानपत्रवाल्यांना आकडे पटत नव्हते, सर्वेक्षणवाल्यांना पटत होते. नागपुरात नेमक्या कुठल्या गल्ल्या नमुन्यात आल्या, तिथे किती दारं बंद मिळाली, किती मुलाखती पुन्हा तपासल्या आणि त्यांतल्या किती बाद झाल्या, ही चर्चा तुमच्या-माझ्यासारख्या वाचकापर्यंत आलीच नाही. शून्य वाचक हा निकाल चूकही असू शकतो आणि छोट्या नमुन्याचा खेळही. दोन्हींतला फरक नोंदींशिवाय कळत नाही. आणि मी इतकी वर्षं ‘आमच्या मुली प्रामाणिक आहेत’ एवढ्यावरच बोलत होते.

प्रामाणिकपणा पुरत नाही, हे या देशात फार आधी सिद्ध झालं आहे, तेही एका मराठी माणसाकडून. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पिकांच्या कापणी-प्रयोगांवर काम केलं. शेतात छोटा तुकडा आखून त्यातलं पीक कापायचं, तोलायचं आणि त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत. त्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसतं. कारण साधं आहे: आखलेल्या रेषेवरची रोपं आत घ्यायची की बाहेर ठेवायची, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ती आत घेतो. त्यात लबाडी नाही. तुकडा लहान असला की त्याच्या मानाने कडा जास्त, म्हणून चूकही जास्त. कुंभकोणमच्या चारी बाजूंना भाताची खाचरं आहेत. त्यांच्या बांधावर उभं राहिलं की हे समजायला गणित लागत नाही. तिकडे कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस एकाच भागात माणसांच्या दोन वेगळ्या तुकड्या पाठवून त्यांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहत. तुकड्यांवर अविश्वास म्हणून ते हे करत नव्हते. माणसाच्या हातून होणारी चूक किती आहे, हे मोजल्याशिवाय आकडा वापरायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. माझा शेवटचा आक्षेप, म्हणजे प्रमाणपत्र उत्तराचा खरेपणा सांगू शकत नाही हा, या दोघांनी निकालात काढला. खरेपणाची हमी कुणालाच देता येत नाही. चुकीचा माग ठेवता येतो.

एवढ्यावरही माझं मत अर्धवटच बदललं असतं. उरलेलं काम पैशाने केलं. एकदा एका एजन्सीने आमच्या मुलींचे बरेच फॉर्म ‘बोगस’ म्हणून नाकारले आणि त्यांचे पैसे अडकवले. कुठले फॉर्म, कुणी तपासले, फोनवर कोण काय म्हणालं, यातलं काहीच सांगितलं नाही. वरून आलेला एक ईमेल, त्यात एक टक्केवारी. मुलींनी दारोदार फिरून केलेलं काम आणि एखाद्या घरबशाचे कल्पित फॉर्म, दोन्ही एकाच गठ्ठ्यात गेले. पुढे प्रमाणित कंपनीचं काम आलं तेव्हाही फॉर्म नाकारले गेले, पण सोबत बॅक-चेकचा, म्हणजे फेरतपासणीचा, तक्ता आला. त्यात प्रत्येक नाकारलेल्या फॉर्मपुढे कारण होतं: चुकीचा माणूस निवडला, मुलाखतीचा वेळ फारच कमी, जीपीएसची जागा जुळत नाही. काही कारणं आम्हाला मान्य झाली. काही ठिकाणी मुलीने दाखवून दिलं की त्या गल्लीत सिग्नलच येत नाही, आणि ते फॉर्म परत धरले गेले. तपासणीचे नियम लिहिलेले असले की ते तळाच्या माणसालाही वाचता येतात, भांडता येतं. मी ज्याला छोट्या माणसावरचा भार समजत होते, तेच त्याच्या हातात आलेलं पहिलं हत्यार निघालं.

मात्र प्रमाणपत्र काय करत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर ही जाहिरात होईल. ते प्रश्न बरोबर आहे का, हे सांगत नाही. दारासुरम आणि तिरुभुवनमला रेशीम विणकरांची असंख्य घरं सौराष्ट्री बोलतात, आमच्यासारखी घरं मराठी बोलतात. फॉर्मवर मातृभाषेचे पर्याय तमिळ, तेलुगू, हिंदी आणि ‘इतर’ असे असले, तर आम्ही सगळे सर्व नियम पाळून, दोनदा तपासून ‘इतर’मध्ये जातो. २०११ साली आलेल्या ग्राहक वर्गीकरणात घरातल्या अकरा गोष्टी मोजतात. पंखा, फ्रिज, दुचाकी यांच्यासोबत त्यात शेतजमीनही आहे. इथे कितीतरी शेतकरी देवस्थानांच्या आणि मठांच्या जमिनी पिढ्यानपिढ्या कुळ म्हणून कसतात. ‘तुमच्याकडे शेती आहे का’ यावर त्यांचं उत्तर ‘आहे’ असतं. मालकीचं विचारलं की गप्प होतात. तमिळ भाषांतरात हा फरक पुसट झाला, तर माणूस एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जातो आणि कुठल्याही तपासणीत ते सापडत नाही. त्यासाठी फॉर्म छापण्याआधी इथल्या माणसाला विचारावं लागतं. माझी पहिली तक्रारही तशीच उभी आहे: जोवर पैसे फक्त भरलेल्या फॉर्मचे मिळतील आणि प्रामाणिकपणे लिहिलेल्या ‘दार बंद’चे मिळणार नाहीत, तोवर खोटेपणाला निमंत्रण राहील. मुंबईत बसून ऑडिट करणाऱ्याने या दराचा कागदही मागायला हवा.

तरी तुलना करायची ती आदर्श तपासणीशी नाही, आज चाललेल्या कारभाराशी. त्यात प्रमाणपत्र असलेलं बरं, एवढंच नाही, तर ते नसलेल्या कंपनीला काम देऊच नये, इथवर मी आले आहे. अट एक: मोठ्या कंपनीने प्रमाणपत्राचा खर्च स्वतः उचलावा, तो कंत्राटदारामार्फत खाली मुलींच्या दरातून वसूल करू नये.

सर्वेक्षण करून घेणाऱ्यांना माझी विनंती आहे. भिंतीवरची पाटी बघून थांबू नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला कुणाची मान्यता आहे ते विचारा, आणि प्रमाणपत्रात कुठलं काम आणि कुठलं कार्यालय येतं ती ओळ वाचा; पुष्कळदा मुख्यालय येतं आणि फील्ड येत नाही. मग आपल्याच कामाची बॅक-चेकची फाइल मागा. ती मागणं हा ग्राहक म्हणून तुमचा हक्क आहे. आणि वाचकहो, वर्तमानपत्रात ‘इतके टक्के लोक म्हणतात’ असं वाचलं की खाली नमुना, पद्धत, तारखा आणि काम करणाऱ्या संस्थेचं नाव दिलं आहे का ते पाहा. दिलं नसेल, तर ती टक्केवारी गंभीरपणे घेऊ नका.