ताळ्याचाही ताळा

मित्रांनो, गणित सोडवून झालं की तुम्ही ताळा करून पाहता ना? ताळा जुळला की कसं हायसं वाटतं! पण जुळलेला ताळाही कधी कधी फसवतो, बरं का. मला त्याने चांगलंच फसवलंय.

डी.एड. होऊन मी नोकरीला लागलो, ते पहिलंच वर्ष. गाव दुसरं होतं. पहिल्या सत्राचा निकाल तयार करत होतो. कच्च्या कागदावरचे गुण पक्क्या पत्रकात उतरवले, दोन्हींची बेरीज केली. अगदी जुळली! दुपारच्या सुट्टीत चौथीतली एक मुलगी टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"सर, मला गणितात सत्तावन्नच कसे?"

मी मान वर न करताच म्हणालो, "बेरीज दोनदा तपासलीय मी. जा."

ती गेली. नंतर चार दिवस तिने वर्गात एकदाही हात वर केला नाही. शेवटी मीच तिचा पेपर काढून पाहिला. ८२ गुण! तिचे ८२ मी शेजारच्या नावापुढे लिहिले होते आणि त्या मुलीचे ५७ हिच्या नावापुढे. ८२ अधिक ५७ करा नाहीतर ५७ अधिक ८२ करा, बेरीज १३९च! वर्गासमोर उभं राहून मी तिची माफी मागितली. पत्रक दुरुस्त झालं. पण ते चार दिवस काही मला परत देता आले नाहीत.

आता मी जालना जिल्ह्यातल्या राजूरला असतो. हो, तेच गणपतीचं राजूर! परवा वर्गातला एक जण वडिलांचा सातबारा घेऊन आला. "सर, यावर तलाठ्याची सहीच नाही. मंग हा खरा काहून?"

प्रश्न मोठा छान होता. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळतो. त्याच्या संगणकातल्या फाइलवर शाईची सही नसते, गणिताची असते. आधी त्या सगळ्या मजकुरापासून एक छोटा 'ठसा' काढतात. त्याला 'हॅश' म्हणतात. मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं, तरी ठसा पार बदलून जातो. मग स्वाक्षरी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते! आपल्या देशाच्या २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातही या हॅशची व्याख्या दिलेली आहे.

पण थांबा. ठसा काढणारा प्रोग्रॅमच चुकीचा लिहिला असेल तर? म्हणून त्याचीही परीक्षा घेतात. तिचं नाव ऐकून तुम्ही हसाल. घटक चाचणी! तुमची असते, तशीच.

'शा-२५६' नावाची एक हॅश पद्धत आहे. तिचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ साली ती जाहीर केली, तेव्हा सोबत काही प्रश्न आणि त्यांची उत्तरंही छापली. पहिला प्रश्न अगदी बालवाडीतला: इंग्रजीतली लहान ए, बी, सी ही तीनच अक्षरं द्या. उत्तराची सुरुवात 'बीए७८१६बीएफ' अशीच व्हायला हवी आणि पुढची चिन्हंही तंतोतंत जुळायला हवीत. एक चिन्ह चुकलं तरी नापास!

दुसऱ्या प्रश्नात ५६ अक्षरं आहेत. छप्पनच का? तर ही पद्धत मजकुराचे ६४-६४ अक्षरांएवढे गठ्ठे करते आणि शेवटी मजकुराची लांबी लिहायला थोडी जागा राखून ठेवते. ५५ अक्षरं एका गठ्ठ्यात मावतात. छप्पनावं आलं की दुसरा गठ्ठा घ्यावा लागतो. घाईत लिहिलेला प्रोग्रॅम नेमका इथेच घसरतो. तुम्हाला बेरीज येते का, हे पाहायला मी १२ अधिक १३ देत नाही. हातचा येईल असंच गणित देतो. तसंच हे! तिसऱ्या प्रश्नात तर 'ए' हे अक्षर दहा लाख वेळा द्यायचं. आणि काहीच दिलं नाही तर? चांगला परीक्षक तेही करून पाहतो. कोऱ्या मजकुराचाही एक ठरलेला ठसा असतो.

एवढ्या चाचण्या पास झाल्या म्हणजे झालं का? नाही! 'एमडी५' नावाची एक जुनी पद्धत होती. तिचे प्रोग्रॅम चाचणीत पैकीच्या पैकी गुण मिळवत. पण २००४ साली वांग शियाओयुन या चिनी गणितज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या मजकुरांचा एकच ठसा काढून दाखवला. प्रोग्रॅम बरोबर होता, पद्धतच कच्ची होती. वाचलं आणि मला ती मुलगी आठवली. माझीही बेरीज बरोबरच होती की!

मग मी वर्गात फळ्यावर ८२ आणि ५७ लिहिले. "पहिल्या आकड्याला एकने गुणा, दुसऱ्याला दोनने, मग बेरीज करा." उत्तर आलं १९६. आकड्यांची अदलाबदल केली, तर २२१. चोरी पकडली! मी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ८० आणि ५८ घेतले तरी १९६च येतात!"

मी हिशेब केला. खरंच की! सगळा वर्ग हसला. मीही हसलो. या वेळी मात्र मान वर करून.

आता तुमची घटक चाचणी. १९६ देणाऱ्या आणखी जोड्या शोधा बरं! आणि त्या जोड्याही पकडेल असा नवा नियम तयार करा. तयार झाला की लगेच खूश होऊ नका. वही मित्राच्या हातात द्या आणि त्याला म्हणा, "माझा नियम मोडून दाखव!"