इथे सगळंच ओरडतं, मामा!

ऑफिसेस डिझाइन करणं हा माझा धंदा. बीकेसीपासून वागळे इस्टेटपर्यंत काचेच्या केबिन्स, बीनबॅग्ज, भिंतीवर मोटिव्हेशनल कोट्स... सगळं करून झालंय. त्यामुळे ताई जेव्हा म्हणाली, "माझ्या वर्गाचं काहीतरी कर ना रे," तेव्हा मला वाटलं, एका रविवारचं काम! फी ठरली मामलेदारची मिसळ. दोन प्लेट, तिखट.

ताईचा वर्ग टेंभी नाक्यावर, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एकच खोली. शाळा सुटल्यावर तिथे आठ-दहा मुलं येतात. बोलायला लागली तर तुम्हाला-मला गप्प करतील अशी हुशार. पण वाचताना 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो आणि फळ्यावरचं वहीत उतरेपर्यंत तास संपतो. याला म्हणतात लर्निंग डिसॅबिलिटी, शॉर्टमध्ये एलडी. 'तारे जमीन पर' डिसेंबर २००७ मध्ये आला आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द आपल्या हॉलमध्ये येऊन बसला. पण त्याच्या कितीतरी आधी, १९९६ पासूनच, महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती मिळायला लागल्या होत्या. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एलडीचा स्पष्ट समावेश झाला. म्हणजे परीक्षेत जागा मिळाली, कायद्यातही मिळाली. वर्गात?

तिथेच तर घोडं अडतं. या मुलांमधला एक माझा भाचा आहे. ताईचा मुलगा, तेव्हा चौथीत. शाळेत त्याची जागा शेवटच्या बाकावर, दाराशेजारी. "तिथे बसला की बाकीच्यांना त्रास होत नाही," असं ताईला ऐकवलं गेलं होतं. दुसऱ्यांच्या मुलांसाठी भांडणारी माझी ताई त्या रात्री स्वयंपाकघरात एकटीच रडत होती. मग मी ठरवलं, वर्ग कसा असतो ते दाखवूनच देऊ!

मी जीव ओतला. एक भिंत पिवळीधमक, दुसरी केशरी. तिसरीवर अख्खी मुळाक्षरं, प्रत्येक अक्षराला हात-पाय-डोळे. छतावरून लटकणारे ग्रह-तारे. सरळ रांगा बोअर म्हणून गोल टेबलं. पहिल्या दिवशी पालकांनी धडाधड फोटो काढले आणि मी मनातल्या मनात एक अवॉर्डही स्वीकारलं.

तीन आठवड्यांनी भाच्याला विचारलं, "काय, कसा वाटतो वर्ग?"

"मामा, रागावणार नाहीस ना?"

"नाही रे, बोल."

"इथे सगळंच ओरडतं."

मी उडालोच! खोलीत तेव्हा आम्ही दोघंच होतो. मग तो म्हणाला, "तू बस ना माझ्या खुर्चीवर." बसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. गोल टेबलामुळे फळा पाठीमागे, म्हणजे प्रत्येक शब्दाला मान वळवायची. समोर छत्तीस अक्षरं डोळे वटारून बघतायत. पंख्याच्या वाऱ्यावर शनी आणि गुरू गरगरतायत. पंखा कटकट करतोय, खाली रिक्षांचे आणि टीएमटीचे हॉर्न, आणि जरा हललं की लाद्यांवर लोखंडी खुर्चीचं कर्रर्र! मोठ्या माणसाचा मेंदू हे सगळं मागे ढकलतो. पण ज्याला 'घ' की 'ध' हे ठरवायलाच सगळी ताकद लागते, त्याच्याकडे ढकलायला उरतं काय?

त्या रात्री मी क्लायंटचं प्रेझेंटेशन बाजूला ठेवून वाचत बसलो. माझ्यासारखे शहाणे जगभर आहेत, हे कळून जरा बरं वाटलं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे सजवलेल्या वर्गात शिकवले, काही कोऱ्या भिंतींच्या वर्गात. कोऱ्या वर्गात शिकलेल्या धड्यांवर ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, सजवलेल्यात ४२ टक्के. आणि हा प्रयोग काही खास एलडीच्या मुलांवर नव्हता!

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. तिथे एक शाळा रेल्वेच्या पुलाजवळ होती. मानसशास्त्रज्ञ आर्लीन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवून दिलं, की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळजवळ वर्षभर मागे आहेत. मग रुळांखाली रबर घातलं, वर्गाच्या छताला आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावल्या. नंतर पुन्हा तपासलं तर फरक गायब! मुलं तीच नव्हती, पण शाळा तीच होती, शिक्षणही तेच. बदलली ती फक्त खोली.

आपलं ठाणंही या बाबतीत मागे नाही. इथल्याच डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये ध्वनिप्रदूषणाबद्दल सविस्तर निकाल दिला. आवाज हा फक्त झोपमोडीचा प्रश्न नाही, एवढं आपल्या शहराला ठाऊक आहे. वर्गाच्या आत मात्र तो आपण मोजतच नाही.

तर पुढच्या रविवारी मी माझंच डिझाइन पाडलं. या वेळचा फंडा सिंपल होता : काय लावायचं नाही, काय काढायचं! फळ्याच्या भिंतीला फिका, उजेड न फेकणारा रंग, त्यावर फळा सोडून काहीही नाही. अक्षरांचे तक्ते मागच्या भिंतीवर, सॉफ्टबोर्डवर. तो आवाजही थोडा पितो. खिडकीला जाड पडदा. टेनिसचे जुने बॉल कापून खुर्च्यांच्या पायांना घातले. पंख्याला वायरमन दाखवला. ग्रह-तारे शेजारच्या बाळाला दिले. बसायला तीन पर्याय : फळ्याकडे तोंड करून डेस्क, खाली सतरंजी आणि ज्याला चुळबूळ सुटते त्याच्यासाठी उभं राहून लिहायची उंच फळी. आजच्या तासात काय काय होणार, ते चित्रांतून दारापाशी. आणि कपाटाच्या आडोशाला एक शांत कोपरा, गादी आणि उशी घालून.

इथे पुन्हा मार खाल्ला. दोनच दिवसांत मुलांनी त्या कोपऱ्याचं नाव ठेवलं 'ढ कोपरा'. मग कोण जाणार तिथे? उपाय ताईने काढला. रोज दहा मिनिटं ती स्वतः तिथे जाऊन वह्या तपासायला लागली. "माझं डोकं भणभणलंय, मी कोपऱ्यात चालले," असं जाहीर करून! आठवड्याभरात तिथे नंबर लागायला लागले. आम्ही कितीही रबर लावलं असतं, तरी ते नाव काही त्याने पुसलं गेलं नसतं.

गैरसमज नको. खुर्चीला बॉल लावल्याने कोणी वाचायला शिकत नाही. शिकवते ती ताई, एकेक ध्वनी, एकेक अक्षर, पुन्हा पुन्हा. भाचा अजूनही घाईत 'घर'चं 'धर' करतो. खोलीचं काम एवढंच, की तिने मध्ये येऊ नये.

पाचवीच्या सुरुवातीला ताई शाळेत गेली, या वेळी वर्गाचे आधीचे-नंतरचे फोटो घेऊन. स्पेशल काही मागितलं नाही. दुसरा बाक, दारापासून लांब, आणि फळ्याभोवतीचे तक्ते मागच्या भिंतीवर, एवढंच. नव्या वर्गशिक्षिका म्हणाल्या, "करून बघू. बाकीच्यांनाही बरंच होईल." तक्ते त्याच आठवड्यात हलले.

परवा मिसळ खाताना भाच्याने विचारलं, "मामा, तू ऑफिसं बनवतोस ना, तिथे शांत कोपरा असतो?"

मी पावाचा तुकडा तोंडात कोंबला. तुमच्या ऑफिसात आहे का हो? माझ्या पुढच्या क्लायंटच्या प्लॅनमध्ये मी एक टाकलाय. भिंतीवरचे कोट्स मात्र काढलेत.