डॉक्टर लेकीला फोन

सरकारी दवाखान्यात रांग सरकली नाही की आपण समोरच्या पोरसवदा डॉक्टरवर खेकसतो. दापोड्याच्या गोदामात मी कारकून. माझी पाळी संपते, त्यांची संपत नाही. १९९२ च्या केंद्रीय योजनेत निवासी डॉक्टरला आठवड्याला साधारण ४८ तास काम लिहिलंय. पाळतो कोण? खाजगीवाल्याला निदान दार लावता येतं.

त्यात डॉक्टर आपल्या घरातली असली की टोमणे वेगळेच. मुंबईच्या नायर रुग्णालयातील आदिवासी भगिनी डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. जातीवरून छळल्याच्या आरोपाखाली तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर खटला भरला गेला.

आमच्या मंडळात मुलगी मेडिकलला लागली की सत्कार होतोच. आता दर रविवारी तिला फोन करायला एक ताईही नेमतो. अभ्यासाचं नंतर. आधी जेवलीस का, झोपलीस का, कोणी काही बोललं का?